भिडेपोटी

६ फेब्रुवारी

आलो एकदाचा. दोन बॅगा, पुस्तकांचं एक खोकं आणि बायकोने बळेच बरोबर दिलेली इस्त्री, एवढा संसार वर चढवताना घरमालक जिन्याखाली उभे राहून सांभाळून, सांभाळून म्हणत होते. इस्त्रीला की मला, ते कळलं नाही. त्यांना सगळे टेलरमास्तर म्हणतात. आयुष्यभर मोठ्या शहरात दुकान चालवलं, आणि समुद्राकाठी राहायची बायकोची, म्हणजे बाईंची, हौस म्हणून म्हातारपणी इथे येऊन हे छोटं घर घेतलं. खाली ते दोघं, वर मी. काम सोडलं असं सांगतात, पण पुढच्या खोलीत शिवणयंत्र आहे, आणि शर्टाच्या कॉलरला आतून एक सुई टोचलेली असते, दोरा ओवलेली. काम सुटलं, सुई सुटलेली नाही.

खोलीला एकच खिडकी आहे, पण काय खिडकी! समोर पाणी आणि पाण्यात ते बेट. हात लांब केला तर झाडांच्या शेंड्यांना लागेल इतकं जवळ. वीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका शोधत बसलो, मग छापखानाच बंद पडला. आता या वयात पर्यटन कार्यालयात लोकांच्या सुट्ट्या आखायच्या. बायको फोनवर म्हणाली की तुझ्या हातून सुट्टीसुद्धा शुद्धलेखनाला धरून होईल. मला तिचं बोलणं लागलं नाही. आज काहीच लागणार नाही असा दिवस आहे.

८ फेब्रुवारी

कार्यालय म्हणजे धक्क्यावरची एक लांबट खोली. काउंटर, भिंतभर बेटाचे फोटो, आणि वारं आलं की आपोआप उघडणारं दार. मालकीण पन्नाशीपुढच्या, आवाज लाँचच्या भोंग्यावर मात करणारा. त्यांना मोठ्या बाई म्हणतात. छोट्या बाई कोण, असं मी विचारलं तर म्हणाल्या, त्या कधी नव्हत्याच, मी जन्मापासून मोठीच.

काम सोपं आहे. बेटावर एक गेस्ट हाउस, भाड्याच्या सायकली, एक बंद पडलेला दीपस्तंभ, आणि मऊ वाळूचा किनारा. लाँच दिवसभर येऊन-जाऊन असते. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सहज जाता येतं. आपण फक्त कुणाला कुठली खोली आणि कुठली लाँच ते बघायचं.

एक विचित्र पद्धत मात्र आहे. तिकीट हातात देण्याआधी प्रत्येक पाहुण्याला काउंटरसमोर उभं करून मोठ्या बाई विचारतात, काय, ओळखलंत का? आणि त्याने मोठ्याने म्हणायचं, नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. लहान पोरांनीसुद्धा. लोक हसतात, एकमेकांना ढोसतात, पण म्हणतात. म्हटल्याशिवाय तिकीट नाही.

कारण विचारलं. बेटावर काही माणसं असतात, असं त्या म्हणाल्या. चांगल्या कपड्यातली, चांगल्या बोलण्याची. जवळ येऊन ओळखलंत का म्हणून विचारतात. नाही म्हटलं की मुकाट्याने निघून जातात. पण कुणी उगाच वाईट वाटायला नको म्हणून हो म्हटलं, तर मग ती बरोबर येतात, घरापर्यंत. मग पाहुणे सांगत का नाहीत लोकांना, पोलिसांना, असं मी म्हणालो. तर त्या म्हणाल्या, काय सांगणार, की मीच हो म्हणालो? आणि रस्त्यावर गाड्या असतात म्हणून आपण घराबाहेर पडायचं थांबतो का? दोन्हीकडे बघून चालायचं, झालं.

मग माझी तालीम घेतली. ओळखलंत का? मी म्हणालो, हो, म्हणजे काय, मुलाखतीला आपण भेटलो होतो की. त्यांनी कपाळावर हात मारला. तुमच्यासारख्यांचीच भीती असते, म्हणाल्या. भीड भिकेची बहीण.

खरं आहे. मला चेहरे लक्षात राहत नाहीत आणि तसं सांगायची लाज वाटते. एका लग्नात एका गृहस्थाशेजारी बसून अख्खं जेवण जेवलो, त्यांच्या आईच्या गुडघ्यांपर्यंत सगळी चौकशी केली. निघताना कळलं की त्यांनीही मला ओळखलेलं नव्हतं. बायको हा किस्सा अजून सगळ्यांना सांगते.

१३ फेब्रुवारी

मुलीची परीक्षा मार्चअखेर संपते. ती आणि तिची आई इथे येणार, आणि आम्ही तिघं बेटावर जाणार हे आज पक्कं झालं. गेस्ट हाउसची कोपऱ्यातली खोली घेतली. तिच्या व्हरांड्यातून दोन्हीकडचं पाणी दिसतं. दहाची लाँच, कारण आठच्या लाँचला बायको चिडचिडी असते. मुलीला सायकल, आम्हाला चालणं. दीपस्तंभाच्या वाटेवर झाडाखाली एक लांबलचक दगडी बाक आहे, तिथे दुपारची सावली. हे सगळं कागदावर काढून त्यांना पाठवलं. मुलीचं उत्तर आलं, बाबा, श्वास कधी घ्यायचा तेही लिहा.

इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

१७ फेब्रुवारी

मास्तर आणि बाई यांनाही जायचं आहे. इतकी वर्षं समोर बघतायत, पण जवळ असलं की बघणं राहून जातं, तसं झालं. आता मी आहे तर व्यवस्था कर, असं बाई म्हणाल्या. त्या स्पष्टवक्त्या आहेत. म्हणाल्या की नवऱ्याच्या अंगातला नेट आता वर्षाला एकाच सहलीपुरता उरलाय, तो वाया घालवू नकोस.

तिकिटं मी घरीच घेऊन आलो. धक्क्यापर्यंत त्यांची खेप कशाला म्हणून. चहा समोर ठेवलेला, मास्तरांच्या खांद्यावर धाग्याचे तुकडे, आणि मी त्यांच्याच घरात बसलेला. अशा माणसाला कसं सांगायचं, की उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, मी तुम्हाला ओळखत नाही? दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा बाईंनी विचारलं की साखर कमी झाली का. मी म्हणालो, नाही, छान आहे.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी विचारलं, तालीम घेतलीत ना? मी हो म्हणालो.

एवढंसं खोटं. पण लिहून ठेवतो.

२० फेब्रुवारी

ते आले. लाँचमधून उतरताना मी धक्क्यावरच होतो. आधी बाई, मग मास्तर, आणि मास्तरांच्या दंडाला धरून एक माणूस. पन्नाशीचा असेल, नसेलही. राखी शर्ट, नीट भांग. कुणी नातेवाईक भेटला का, असं मी विचारलं. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मास्तर म्हणाले, हा आपलाच.

त्या माणसाने मला नमस्कार केला. आता चेहरा आठवू पाहतोय, तर शर्टच आठवतो.

२२ फेब्रुवारी

आज मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं. ते शिवणयंत्राला तेल देत राहिले. म्हणाले, व्हरांड्यात बसलो होतो, हा आला, म्हणाला, मामा, ओळखलंत का? माझी नजर ही अशी. भाच्यांची तर पलटण आहे. इतक्या आशेने बघत होता की नाही म्हणवेना. म्हटलं, अरे, ओळखलं म्हणजे काय, ये, बस. बाई तेव्हा आत आडव्या झाल्या होत्या. बाहेर आल्या तोवर तो बसलेला होता.

मग, आता जा म्हणून सांगा, असं मी म्हणालो. मास्तरांनी वर बघितलं. हो म्हटल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाले. त्यांना माझ्यासमोर लाज वाटत होती. त्यांना! मी तिथे उभा होतो, आणि त्यांना लाज वाटत होती.

२६ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना सांगायचं ठरवून गेलो. पाहुणे होते. पाहुणे गेले, तर त्यांचा फोन आला. फोन संपला, तर त्यांनीच हटकलं की टेलरमास्तरांकडे कोण उतरलंय. भाचा असावा, मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तालीम नक्की घेतली होतीत?

पुन्हा हो म्हणालो. पहिलं हो भिडेचं होतं. हे कसलं होतं?

३ मार्च

भाचा आता यंत्रावर बसतो. हात चांगला आहे. एक गृहस्थ कोट न्यायला आले होते, नेहमीचे, खुद्द मास्तरांनी त्यांचं माप कैक वेळा घेतलेलं. ते भाच्याला म्हणाले, मास्तर, यावेळी खांदा अगदी बसला. दारात मास्तर उभे होते. जाता जाता त्यांच्याकडे बघून गृहस्थांनी भाच्याला विचारलं, हे कोण, पाहुणे का?

मास्तर हसले. बराच वेळ हसत होते.

७ मार्च

आज जिन्यात एक म्हातारे गृहस्थ भेटले. मी बाजूला सरकून वाट दिली, कुणाकडे आलात असं विचारणार होतो, तेवढ्यात कॉलरची सुई दिसली.

माझ्या तोंडावर काय दिसलं असेल? त्यांना दिसलं. बाजूने सरकून खाली उतरले. पुढच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपतात सध्या, हे त्यांनी सांगितलं नाही, मला दारातून दिसलं.

९ मार्च

मुलगा आला होता त्यांचा, परगावहून. टॅक्सीतून उतरला तो सरळ भाच्याच्या गळ्यात पडला. बाबा, वाळलात, म्हणाला. मास्तर शेजारीच होते. ते म्हणाले, बाळा. मुलाने त्यांना सभ्यपणे नमस्कार केला, आणि आईला खालच्या आवाजात विचारलं, हे कोण?

बाई म्हणाल्या, मलाही नीटसं आठवत नाही रे.

मी वरून, कठड्याशी उभा राहून हे सगळं बघितलं. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण ते वाक्य माझ्यापासूनच सुरू झालं असतं. मी गेलो नाही.

११ मार्च

मास्तर काउंटरवर आले. बेटाचं एक तिकीट मागितलं. परतीचं नको म्हणाले.

म्हणाले की काल त्यांनी बाईंना सरळ विचारलं, अगं, ओळखलंस का? बाई भीड धरणाऱ्यातल्या नव्हेतच. नाही, म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं, खरं सांगावं तसं. हे सांगतानाही मास्तरांना बायकोचं कौतुकच वाटत होतं.

तिथे जाऊन काय करणार, मी विचारलं. ते म्हणाले, इथे विचारायला कुणी उरलं नाही, तिथे रोज नवी माणसं उतरतात. एखादा तरी हो म्हणेल.

म्हणजे ती माणसं कुठून येतात ते मला आज कळलं. भुतं नाहीत, भामटे नाहीत. कुणाच्या तरी घरची माणसं आहेत.

आणि मी तिकीट फाडून दिलं. थांबा म्हणालो नाही. तुमच्या जागी मी जायला हवं, असं मनात आलं, आणि ते मनात आलं एवढ्यावरच मला स्वतःबद्दल जरा बरं वाटलं. हीच माझी जात.

१२ मार्च

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्या काउंटर पुसत राहिल्या, पुसलेलाच भाग पुन्हा. मग म्हणाल्या की एकदा हो गेलं की गेलं, त्याला उपाय असता तर मी ही तालीम कशाला घेत बसले असते? नंतर म्हणाल्या, तुमच्या घरच्यांना आणू नका.

कामावरून काढलं नाही. तेही केलं असतं तर बरं झालं असतं.

१३ मार्च

बायकोला फोन केला. बेटाचं राहू दे म्हणालो. का, तर कारण सांगता येईना. सांगायचं तर टेलरमास्तरांपासून सांगावं लागलं असतं. हवा बरी नाही, म्हणालो. ती म्हणाली, आत्ताच तर खिडकीतून निळंशार दिसतंय म्हणालास. मग म्हणाली, पोरगी दिवस मोजतेय, तुझं हे नेहमीचं आहे, आखायचं आणि ऐनवेळी कच खायची.

मुलीला फोनवर घेऊन तालीम घेतली. कुणी विचारलं ओळखलंस का, तर काय म्हणायचं? ती हसून म्हणाली, बाबा, असं तोंडावर कसं म्हणायचं कुणाला? वाईट नाही का वाटणार?

मी चिडलो. ओरडलो तिच्यावर. शेवटी म्हणाली, बरं, म्हणेन नाही, ओरडू नका ना.

माझंच पोर.

१८ मार्च

दुपारची लाँच. उतरणाऱ्या पाहुण्यांत शेवटी एक माणूस. तो सरळ काउंटरवर आला.

ओळखलंत का?

चेहरा — नव्हता ओळखीचा. शपथेवर सांगतो, नव्हता. कॉलरला सुई होती. तेवढ्यावरून अंदाज बांधला. म्हणजे ओळखलं नाही, ताडलं. नियम मला पाठ आहे, दिवसभर मी तो दुसऱ्यांकडून म्हणवून घेतो. पण नाही कसं म्हणायचं या माणसाला? बाकी कुणीही नाही म्हणावं. मी?

मोठ्या बाईंनी मागून माझा शर्ट ओढला.

हो, म्हणालो मी. ओळखलं ना, मास्तर.

१९ मार्च

माझ्याच खोलीत आहेत. कोपऱ्यात सतरंजी घातली. किती संकोच त्यांना! नळावर आधी तुम्ही, नाही, आधी तुम्ही, असं आमचं चालतं. माझ्या निळ्या शर्टाचं बटण लावून दिलं. दात लावून दोरा तोडताना म्हणाले, मला कळतंय हो, मी काय करतोय ते. कळतंय आणि तरी करतोय.

मी म्हणालो, असू दे.

२३ मार्च

आज सतरंजीवर मी झोपलो. त्यांची पाठ दुखते. कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यालयात मोठ्या बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग नावाने हाक मारली. पण आधी — आधी थांबल्या.

२६ मार्च

फोन वाजला तेव्हा मी दाढी करत होतो. मास्तरांनी घेतला. बायको त्यांच्याशी बोलत होती. खूप वेळ. लग्नातल्या जेवणाचा किस्सा सांगत होती, बाहेरपर्यंत हसू ऐकू आलं. असं ती माझ्याशी किती दिवसांत —

फोन हिसकावला. म्हटलं, मी आहे. मी.

ती म्हणाली, कोण बोलतंय?

त्यांनी खाली मान घातली. माफ करा, म्हणाले. खरोखर माफी मागत होते. डोळ्यांत पाणी होतं.

२८ मार्च

येऊ नका असा निरोप पाठवला. अनोळखी माणसाने त्रास देऊ नये, असं उत्तर आलं.

धक्क्याच्या दुकानातून मुलीच्या शाळेत फोन लावला. कोण बोलतंय, विचारलं. वडील म्हणालो. त्यांनी फोन धरून ठेवला, मग म्हणाले, वडिलांशी आत्ताच बोलणं झालंय आमचं.

३० मार्च

मी सरळ सांगायला हवं होतं. १७ तारखेला, चहा समोर असताना. साखर ठीक आहे, पण उभे राहा आणि म्हणा. एवढंच. एवढ्याशा अवघडलेपणाला घाबरलो. आता मास्तरांचं घर गेलं आणि माझं —

१ एप्रिल

आल्या दोघी. मी रस्त्यापलीकडे होतो. मुलगी उंच झाली. टॅक्सीतून उतरून पळत गेली, बाबा करत. मास्तरांनी तिला धरलं. आधी बिचकले, मग धरलं. सवय होईल.

बायकोने निळ्या शर्टाची कॉलर सारखी केली. सुई सापडली तिला. ही काय नवी फॅशन, म्हणाली असेल. हसत होती.

त्या सुखी दिसल्या. हेच नको का मला? हेच हवं ना? मग मी का —

२ एप्रिल

बेटावर आहे. पहिल्या लाँचने आलो. काउंटरवर मोठ्या बाईंनी विचारलं, एकटेच का? मग म्हणाल्या, आमची एक पद्धत आहे, हसू नका, म्हणून दाखवा. काय, ओळखलंत का?

नाही, म्हणालो. मी तुम्हाला ओळखत नाही.

त्या म्हणाल्या, छान. पहिल्या फटक्यात म्हणणारी माणसं कमी.

दीपस्तंभाच्या वाटेवरचा बाक. बरेच जण बसलेत. सगळे नीटनेटके. कुणी काही विचारलं नाही. सरकून जागा करून दिली.

दहाच्या लाँचने ते आले. माझ्या आखणीप्रमाणेच. ती दोघं व्हरांड्यात. मास्तर नीट वागतायत. तिच्या पाठीला उशी दिली.

मुलगी सायकल घेऊन इकडेच. सावली बघून थांबली. बाकाच्या टोकाला बसली. मी दुसऱ्या टोकाला, वही मांडीवर.

शेजारचा गृहस्थ उठू लागला, तिच्याकडे बघत. मी त्याचा हात दाबून धरला. बसला तो. लाजला.

मी विचारणार नाही. हे लिहून ठेवतो. ती नाही म्हणेल तर ते ऐकायचं — नको. आणि हो म्हणाली तर तिला कुणी ओळखणार नाही, आणि एक दिवस तीही इथे, या बाकावर. तेव्हा विचारायचं नाही. एवढी एक गोष्ट तरी नीट —

बघते आहे माझ्याकडे. हसली. अनोळखी माणूस अवघडू नये म्हणून हसतात तसं. भिडेचं. माझंच हसू ते, तिच्या तोंडावर.

काका, तुम्हाला बरं वाटत नाही का, विचारलं तिने.

काका.

बरं आहे म्हणून मान हलवायची. उठायचं. पलीकडे चालत जायचं. पाय आहेत, वाट आहे.

ती सरकली. पाण्याची बाटली पुढे केली. सगळ्यांना वाईट वाटेल याची काळजी असलेलं माझं पोर — हिला नाही म्हणवणार नाही. मला माहीत आहे म्हणवणार नाही. माहीत असूनही मी वही मिटतोय आणि तोंड उघड